वाट वेगळी, वेळ वेगळी: अ‍ॅपमधल्या वळणदार हालचालींमागचं गणित

खरेदीच्या अ‍ॅपमध्ये एखादी वस्तू कार्टमध्ये टाकली की तिचं छोटं चित्र वळण घेत वर जातं आणि कोपऱ्यातल्या कार्टच्या चिन्हात शिरतं. लाइव्ह व्हिडिओ पाहताना खालून हृदयं उठतात आणि नागमोडी तरंगत वर विरून जातात. खालच्या कोपऱ्यातलं गोल बटण दाबलं की ते स्क्रीनच्या मध्याकडे सरकत मोठं होतं आणि त्यातून नवा फॉर्म उघडतो. अशा हालचाली बहुतेकदा तीन-चारशे मिलिसेकंदांत उरकतात. त्यांच्याकडे कोणी मुद्दाम पाहत नाही. पण वळण घेताना चिन्ह अडखळलं किंवा शेवटी धाडकन थांबलं, तर ते लगेच खुपतं.

अशी हालचाल बसवताना बहुतेक जण एकाच ठिकाणी अडतात. वक्ररेषा काढता येते, ती छान दिसतेही, पण तिच्यावरून चिन्ह चालवलं की वेग विचित्र होतो. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: वाट आणि वेळ यांची सरमिसळ झालेली असते. रेल्वेचे रूळ आणि रेल्वेचं वेळापत्रक जसं वेगळं, तसंच हे आहे. गाडी कुठून जाणार ते रूळ ठरवतात. ती कुठे केव्हा पोचणार ते वेळापत्रक ठरवतं. रूळ न हलवता वेळापत्रक बदलता येतं. या लेखातलं बरंचसं गणित हे दोन प्रश्न वेगळे ठेवण्यासाठीच आहे.

वळण हवं कुठे?

सरळ रेषा सगळ्यात जवळची आणि संगणकालाही सोपी. मग वळणाचा खटाटोप कशाला? आपले डोळे ज्या हालचाली बघत आलेत, त्यांतल्या फार थोड्या काटेकोर सरळ असतात. हात खांद्याभोवती आणि कोपराभोवती फिरतो, मान मणक्याभोवती वळते, फेकलेली वस्तू गुरुत्वाकर्षणामुळे वक्र मार्गानेच खाली येते. डिस्नेचे अ‍ॅनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वं शब्दबद्ध केली, त्यांत ‘कमानी’ हे एक स्वतंत्र तत्त्व आहे: जिवंत वाटणारी हालचाल कमानीतून जाते. सरळ रेषेत जाणारी वस्तू यंत्रासारखी वाटते, हे हाताने चित्रं काढणाऱ्यांना मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी उमगलं होतं.

पण म्हणून सगळीकडे कमानी घालू नयेत. माझं मत स्पष्ट आहे: हालचाल फक्त आडवी किंवा फक्त उभी असेल तर ती सरळच ठेवावी. खालून वर येणारं पॅनल, बाजूने सरकणारं पान, यादीतली वर-खाली होणारी ओळ, यांना वळण दिलं की ती भरकटल्यासारखी दिसतात. वळणाचा खरा उपयोग तिरक्या हालचालीत, तोही वस्तू स्क्रीनच्या आतच एका जागेहून दुसरीकडे जात असेल तेव्हा. तिरक्या सरळ रेषेत वस्तू घसरत गेल्यासारखी वाटते. त्यातून तिचा आकारही त्याच वेळी बदलत असेल तर हा परिणाम दुप्पट जाणवतो.

चार रेघांत बेझिए

स्क्रीनवरची वक्ररेषा बहुतेक वेळा बेझिए पद्धतीची असते. हे गणित मोटारींच्या कारखान्यांतून आलं. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्झो यांनी १९५९ मध्ये गाड्यांच्या पत्र्याची वळणं नेमकी मांडण्याची रीत शोधली, पण कंपनीने ती बराच काळ बाहेर जाऊ दिली नाही. रेनोमधले पिएर बेझिए १९६० च्या दशकात स्वतंत्रपणे त्याच प्रकारच्या वक्ररेषांपर्यंत पोचले आणि त्यांनी आपलं काम प्रसिद्ध केलं. त्यामुळे रेषेला नाव त्यांचं मिळालं आणि ती काढण्याच्या रीतीला द कास्तेल्झो यांचं. तुम्ही आत्ता वाचत असलेल्या अक्षरांच्या कडाही याच रेषांनी आखलेल्या आहेत.

रीत इतकी सोपी आहे की कागदावर करून बघावी. समजा, एक गोल बटण (३२०, ६००) या जागी आहे आणि त्याला (१६०, २००) इथे जायचंय. पहिला आकडा डावीकडून किती, दुसरा वरून खाली किती. स्क्रीनवर शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं. बटणाने आधी डावीकडे सरकावं आणि मग वर चढावं असं हवं असेल तर तिसरा बिंदू (१६०, ६००) इथे ठेवायचा. हा कंट्रोल पॉइंट. रेषा त्याच्यातून जात नाही, पण त्याच्याकडे ओढली जाते.

आता शून्यापासून एकपर्यंत जाणारा एक आकडा घ्या, त्याला ‘टी’ म्हणू. टी जेव्हा ०.५ असतो तेव्हा सुरुवात आणि कंट्रोल पॉइंट यांचा मध्य काढायचा: (२४०, ६००). कंट्रोल पॉइंट आणि शेवट यांचाही मध्य काढायचा: (१६०, ४००). मग या दोन मध्यांचा मध्य: (२००, ५००). झाला रेषेवरचा एक बिंदू. टी ०.२५ असेल तर प्रत्येक ठिकाणी मध्याऐवजी पाव अंतरावरचा बिंदू घ्यायचा, उत्तर (२५०, ५७५). टी ०.७५ ला उत्तर (१७०, ३७५). एका कंट्रोल पॉइंटने काम भागलं ती द्विघाती रेषा. दोन कंट्रोल पॉइंट असतील तर ती त्रिघाती, आणि तेव्हा मध्यांचे मध्य काढण्याची एक पायरी वाढते, एवढंच.

कंट्रोल पॉइंट कुठे ठेवायचा याचं एक साधं गणित लक्षात असलेलं बरं, कारण अंदाजाने ठेवलेला पॉइंट हमखास फसवतो. दोन टोकांच्या मध्यबिंदूपासून लंब दिशेला १२० पिक्सेलवर कंट्रोल पॉइंट ठेवला तर द्विघाती रेषेचा फुगवटा फक्त ६० पिक्सेल होतो, म्हणजे निम्मा. त्रिघाती रेषेत दोन्ही कंट्रोल पॉइंट १२० उंचीवर असतील तर फुगवटा ९०, म्हणजे पाऊण. आधी फुगवटा किती हवा ते ठरवायचं आणि त्यावरून उलट हिशेब करायचा. मी साधारणपणे टोकांमधल्या अंतराच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतका फुगवटा धरतो. अंतराच्या निम्म्याहून फुगवटा जास्त गेला की वस्तू उगाच लांबून फिरून आल्यासारखी दिसते.

टी म्हणजे वेळ नाही आणि अंतरही नाही

मघाशी काढलेले पाच बिंदू पुन्हा बघू: (३२०, ६००), (२५०, ५७५), (२००, ५००), (१७०, ३७५), (१६०, २००). प्रत्येक पायरीला टी सारखाच वाढलाय, ०.२५ ने. आता शेजारच्या बिंदूंमधली अंतरं मोजा. पहिलं सुमारे ७४ पिक्सेल, दुसरं ९०, तिसरं १२९, चौथं १७५.

सगळी गोम इथे आहे. टी सारख्या गतीने वाढवला, म्हणजे दर फ्रेमला (स्क्रीनवर एकामागून एक उमटणाऱ्या प्रत्येक चित्राला) टीमध्ये ठरावीक भर घातली, तर बटण सुरुवातीला रेंगाळतं आणि शेवटी सुसाट सुटतं. शेवटच्या क्षणीचा वेग सुरुवातीच्या अडीचपट होतो. का? कारण सुरुवातीला वेग ठरतो तो सुरुवात आणि कंट्रोल पॉइंट यांच्यातल्या अंतराने, म्हणजे १६० पिक्सेलने. शेवटी तो ठरतो कंट्रोल पॉइंट आणि शेवट यांच्यातल्या अंतराने, म्हणजे ४०० पिक्सेलने. हा वेग कोणी मागितलेला नव्हता. तो रेषेच्या आकारातून चोरपावलांनी आत आला.

यावर लोक काय करतात? शेवटी वेग मंदावावा म्हणून टीला ईझिंग, म्हणजे वेळेनुसार वेग कमी-जास्त करणारा नियम, लावतात. मग रेषा शेवटी वेग वाढवते, ईझिंग तो कमी करतं, आणि दोघांच्या ओढाताणीत काहीतरी मधलंच निघतं. ते या एका रेषेपुरतं बरं दिसेलही. पण दुसऱ्या आकाराच्या स्क्रीनवर टोकं बदलतात, रेषा बदलते आणि बरं दिसणारं बिघडतं. मग पुन्हा आकडे इकडेतिकडे हलवत बसायचं. या चक्रात अडकलेले कितीतरी प्रोजेक्ट असतात.

उपाय आहे टीऐवजी अंतराची भाषा बोलण्याचा. ‘टी ०.५ असताना बटण कुठे आहे?’ असं न विचारता ‘निम्मी वाट संपल्यावर बटण कुठे आहे?’ असं विचारायचं. त्रिघाती रेषेच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर देणारं सुटसुटीत सूत्र सहसा नसतं, म्हणून तक्ता करायचा. रेषेचे बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याची लांबी मोजायची आणि बेरीज लिहीत जायची. आपल्या चार तुकड्यांचा तक्ता असा होतो: टी ० ला ०, टी ०.२५ ला ७४, टी ०.५ ला १६४, टी ०.७५ ला २९३ आणि टी १ ला ४६८ पिक्सेल.

निम्मी वाट म्हणजे २३४ पिक्सेल. हा आकडा १६४ आणि २९३ यांच्यामध्ये पडतो. १६४ च्या पुढे ७० गेलो, आणि तो तुकडा १२९ चा आहे, म्हणजे तुकड्याच्या साधारण ५४ टक्क्यांवर. तेवढ्या प्रमाणात ०.५ ते ०.७५ मधलं अंतर कापलं की टी येतो सुमारे ०.६४. त्या टीला बटणाची जागा (१८१, ४३६) आहे. पण टी सरळ ०.५ धरला असता तर बटण (२००, ५००) वर असतं. दोन्हींत ६५ पिक्सेलहून जास्त फरक आहे, आणि डोळ्याला तो सहज कळतो.

चार तुकडे समजावण्यापुरते. प्रत्यक्षात पन्नास ते शंभर तुकडे पुरतात, आणि हा तक्ता अ‍ॅनिमेशन सुरू होण्याआधी एकदाच करायचा असतो. मग दर फ्रेमला फक्त तक्त्यात शोध घ्यायचा आणि दोन नोंदींमधला हिशेब करायचा. हे काम इतकं हलकं आहे की कमी ताकदीच्या फोनलाही जाणवत नाही.

एकदा अंतराची भाषा आली की वेळापत्रक स्वच्छपणे लावता येतं. ईझिंग आता टीवर लावायचं नाही, वाटेचा किती हिस्सा संपला यावर लावायचं. ‘पहिल्या पावसेकंदात ८० टक्के वाट’ असं म्हटलं तर खरोखर ८० टक्केच वाट संपते, मग रेषा कशीही असो.

इथे गोंधळ वाढवणारी एक गोष्ट आहे. ईझिंगही बहुतेकदा बेझिए रेषेनेच लिहितात. गूगलच्या मटेरियल डिझाइन या डिझाइन-पद्धतीत रूढ झालेलं ईझिंग ०.४, ०, ०.२, १ अशा चार आकड्यांचं आहे. हे दोन कंट्रोल पॉइंटच आहेत. पण त्या रेषेचा आडवा अक्ष वेळेचा आणि उभा अक्ष प्रगतीचा. स्क्रीनवरच्या जागेशी तिचा काही संबंध नाही. दोन्ही ठिकाणी तोच आकार आणि तेच शब्द, त्यामुळे नवख्या माणसाला दोन्ही एकच वाटतात. टीममध्ये बोलताना एकीला ‘पाथ’ आणि दुसरीला ‘ईझिंग’ म्हणायची शिस्त ठेवली, ‘कर्व्ह’ हा शब्द टाळला, तर निम्मे गैरसमज होतच नाहीत.

परतीच्या हालचालीतही हा फरक कामाला येतो. बटण आलं त्याच वाटेने परत जावं हे योग्यच. म्हणून पुष्कळ जण अख्खं अ‍ॅनिमेशन उलटं चालवतात. पण मग ईझिंगही उलटं होतं: येताना शेवटी हळुवार थांबणारं बटण जाताना हळू निघतं आणि शेवटी भरवेगात येऊन आदळतं. वाट उलटी करायची, ईझिंग मात्र नव्याने सुलटंच लावायचं.

आणखी एक अडचण स्प्रिंगची. स्प्रिंगसारखं ईझिंग लावलं की प्रगती १ च्या पुढे जाते, १.०५ होते आणि मग परत येते. वाट तर १ ला संपलेली आहे! अँड्रॉइडचा पाथमेजर हा रेषेवरची अंतरं मोजणारा क्लास अशा वेळी दिलेलं अंतर रेषेच्या लांबीवरच अडवतो. परिणामी वस्तू टोकाला पोचून क्षणभर गोठते आणि स्प्रिंगचा सगळा जिवंतपणा जातो. यावर उपाय असा की शेवटच्या बिंदूपाशी रेषेची जी दिशा आहे, त्याच दिशेला वाट थोडी पुढे वाढवायची आणि १ च्या पुढची प्रगती त्या वाढीव तुकड्यावर खर्च करायची.

तयार साधनं काय देतात

तक्ता हाताने करायची वेळ सुदैवाने फार कमी येते. आयओएसवर कोअर अ‍ॅनिमेशन या अ‍ॅपलच्या साधनातलं कीफ्रेम अ‍ॅनिमेशन थेट पाथ घेतं. त्याचा कॅल्क्युलेशन मोड ‘पेस्ड’ ठेवला की वेग सगळ्या वाटेवर एकसारखा होतो. मात्र तेव्हा प्रत्येक टप्प्याला वेगळी दिलेली वेळ आणि ईझिंग दुर्लक्षिलं जातं, हे ठाऊक नसलं तर माणूस तासन्‌तास चूक शोधत बसतो. अख्ख्या अ‍ॅनिमेशनला लावलेलं ईझिंग मात्र चालतं.

आयओएसवर नवख्यांना हमखास चकवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे अ‍ॅनिमेशन संपताच वस्तू मूळ जागी उडी मारून परत जाते. कोअर अ‍ॅनिमेशन दिसणारी प्रत हलवतं, लेअरची खरी जागा हलवत नाही. म्हणून अ‍ॅनिमेशन जोडतानाच खरी जागा शेवटच्या बिंदूवर नेऊन ठेवायची. संपल्यावरही अ‍ॅनिमेशन न काढता तसंच लटकत ठेवायचा मार्ग अनेक ठिकाणी सुचवलेला दिसतो. तो टाळावा, कारण दिसणारी जागा आणि खरी जागा वेगवेगळी राहते आणि बोट लावलं तर स्पर्श भलतीकडेच लागतो.

अँड्रॉइडवर २०१४ च्या लॉलीपॉप आवृत्तीपासून ऑब्जेक्ट अ‍ॅनिमेटरला एक्स, वाय आणि पाथ असं तिन्ही देता येतं. दोन स्क्रीनमधल्या ट्रान्झिशनसाठी आर्कमोशन आहे. ते टोकांवरून स्वतःच कमान काढतं, आणि कमानीचा कोन डीफॉल्टमध्ये ७० अंशांच्या वर जाऊ देत नाही. दोन्ही टोकं जवळपास एकाच आडव्या किंवा उभ्या रेषेत असतील तर वाट आपोआप जवळजवळ सरळ होते, म्हणजे वर म्हटलेला नियम त्यातच बसवलेला आहे. फ्लटर या अ‍ॅप बनवण्याच्या साधनात पाथमेट्रिककडे अंतर देऊन जागा आणि दिशा दोन्ही मागता येतात; शिवाय मटेरियल अ‍ॅपमधली हीरो ट्रान्झिशन्स (एकच वस्तू एका पानावरून दुसऱ्या पानावर सरकत जाणं) कोणी न सांगताही कमानीतून जातात. वेब व्ह्यू, म्हणजे अ‍ॅपच्या आत वेब पान दाखवणारा भाग, वापरत असाल तर सीएसएसमध्ये ऑफसेट-पाथ आणि ऑफसेट-डिस्टन्स आहेत, आणि नावातच आहे तसं तिथेही हिशेब अंतराचा.

सगळीकडे एक गोष्ट मात्र आधी तपासावी: वाटेवरून वस्तूचा नेमका कोणता बिंदू चालतोय? आयओएसवर लेअरची जागा त्याच्या मध्यावरून मोजतात. अँड्रॉइडवर व्ह्यूचे एक्स आणि वाय वरच्या डाव्या कोपऱ्याचे असतात. तोच पाथ दोन्हीकडे दिला तर अँड्रॉइडवर वस्तू निम्म्या रुंदीने उजवीकडे आणि निम्म्या उंचीने खाली सरकलेली दिसते. वस्तू वाटेत लहान होत जाणार असेल तर हा घोळ अजून वाढतो. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांमध्ये मांडणी आरशासारखी उलटते, तेव्हा कंट्रोल पॉइंटही उलटायला हवा, नाहीतर कमान स्क्रीनच्या बाहेरही फुगू शकते.

वळताना तोंड कुठे

कागदी विमानाचं चिन्ह मेसेज पाठवताना उडत जाणार असेल तर त्याचं टोक वाटेच्या दिशेला वळायला हवं. रेषेवरच्या कोणत्याही बिंदूपाशी स्पर्शिका काढली की दिशा मिळते, आणि स्पर्शिकेच्या आडव्या-उभ्या भागांवरून कोन काढणारं एटॅन-टू हे फंक्शन जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेत असतं. कोअर अ‍ॅनिमेशनला रोटेशन मोड ‘ऑटो’ सांगितला की ते हे स्वतः करतं.

स्वतः करताना दोन खड्डे आहेत. पहिला: एटॅन-टू कोन, अंशांत मोजला तर, उणे १८० ते अधिक १८० या मर्यादेत देतं. वस्तू डावीकडे तोंड करून जात असेल तर एका फ्रेमला कोन १७९ आणि पुढच्या फ्रेमला उणे १७९ येतो. दिशा फक्त दोन अंशांनी बदललेली असते. पण तुम्ही दोन कोनांमध्ये स्वतः मधले कोन भरत असाल तर चिन्ह उलट बाजूने ३५८ अंशांची गिरकी घेतं. आधीच्या फ्रेमच्या कोनापासून फरक १८० च्या वर गेला की ३६० वजा किंवा अधिक करायचे, म्हणजे गिरकी थांबते.

दुसरा खड्डा जास्त फसवा आहे. त्रिघाती रेषेत पहिला कंट्रोल पॉइंट सुरुवातीच्याच बिंदूवर ठेवला, तर तिथे स्पर्शिकेची लांबी शून्य होते. शून्याला दिशा नसते, पण एटॅन-टू निमूटपणे शून्य अंश असं उत्तर देतं. पहिल्या फ्रेमला विमान उजवीकडे तोंड करून दिसतं आणि दुसऱ्या फ्रेमला झटक्यात योग्य दिशेला वळतं. एका फ्रेमचा हा झटका रेकॉर्डिंग सावकाश चालवल्याशिवाय पकडणं कठीण. अशा ठिकाणी टी शून्याऐवजी किंचित पुढचा, समजा ०.००१ घेऊन दिशा काढावी.

अर्ध्या वाटेवर बोट लागलं तर

वापरणारा माणूस आपलं अ‍ॅनिमेशन संपायची वाट बघत थांबत नाही. बटण निम्म्या वाटेवर असताना त्याने ‘मागे’ दाबलं तर काय होतं यावरून अ‍ॅपची खरी पारख होते. जुनी हालचाल आहे तिथे तोडून नव्या टोकाकडे नवी वक्ररेषा सुरू केली तर जागा जुळते, पण दिशा आणि वेग तुटतो. बटण कुठेतरी ठेचकाळल्यासारखं दिसतं.

वेग जुळवायचं गणित फार सुंदर आहे. त्रिघाती रेषेच्या सुरुवातीचा वेग पहिल्या कंट्रोल पॉइंटच्या अंतराच्या तिप्पट असतो, टीच्या हिशेबात. म्हणून चालू वेग आणि नव्या हालचालीचा कालावधी यांचा गुणाकार करून त्याला तीनने भागायचं, आणि चालू जागेपासून चालू दिशेला तेवढ्या अंतरावर नवा पहिला कंट्रोल पॉइंट ठेवायचा. वेग सेकंदाला ६०० पिक्सेल असेल आणि नवी हालचाल ०.३ सेकंदांची असेल तर उत्तर ६० पिक्सेल. बटण आधी ज्या दिशेला जात होतं त्या दिशेला थोडं पुढे जातं, मग वळून परत फिरतं. अंतराचा तक्ता वापरत असाल तर कंट्रोल पॉइंटमधून दिशा जुळते, पण वेग ईझिंगच्या सुरुवातीच्या चढाने जुळवावा लागतो. शून्यापासून हळूहळू वेग पकडणारं ईझिंग इथे चालत नाही.

बोटाने ओढून फेकायच्या वस्तूंसाठी मात्र मी पाथ वापरूच नये असं म्हणेन. तिथे आडव्या आणि उभ्या अक्षाला दोन वेगळे स्प्रिंग लावावेत. फेकताना बोटाचा दोन्ही अक्षांवरचा वेग वेगवेगळा असतो, त्यामुळे वळण आपोआप पडतं, आणि मध्ये कितीही वेळा अडवलं तरी स्प्रिंग चालू वेगातूनच पुढे जातं. वाट आधी आखलेली असणं ही पाथची ताकद आहे, पण बोटाच्या हातात सूत्रं असताना तीच त्याची अडचण होते.

फ्रेम मोजा, ठिपके टाका

सेकंदाला ६० फ्रेमच्या स्क्रीनवर प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १२० फ्रेमच्या स्क्रीनवर त्याच्या निम्मे. तेवढ्यात सगळं आटपायचं तर वस्तू हलवताना मार्जिन किंवा मांडणी बदलू नये, फक्त ट्रान्सफॉर्म (मांडणीला धक्का न लावता वस्तू सरकवणं, फिरवणं किंवा लहान-मोठी करणं) बदलावा. मार्जिन बदललं की आजूबाजूच्या सगळ्यांची मापं पुन्हा काढली जातात. वेळ ठरवताना फ्रेम मोजू नयेत, सुरुवातीपासून किती मिलिसेकंद गेले ते बघावं. नाहीतर १२० च्या स्क्रीनवर तीच हालचाल निम्म्या वेळात उरकते.

तपासण्यासाठी मला सगळ्यात भरवशाची वाटलेली रीत अशी: डीबग आवृत्तीत दर फ्रेमला वस्तूच्या मध्याशी एक छोटा ठिपका काढून तो तसाच राहू द्यायचा. ३०० मिलिसेकंदांच्या हालचालीचे ६० फ्रेमच्या स्क्रीनवर सुमारे १८ ठिपके पडतात. ठिपक्यांची माळ म्हणजे वाट, आणि ठिपक्यांमधली अंतरं म्हणजे वेळापत्रक. शेवटाकडे ठिपके दाटत गेले तर थांबणं हळुवार आहे. मध्येच दोन ठिपके लांब पडले तर तिथे फ्रेम चुकली. आधी दाट, मग विरळ, मग पुन्हा दाट अशी माळ तुम्ही न मागता दिसली, तर कुठेतरी टीलाच वेळ समजलं गेलंय. डिझाइन करणाऱ्यांशी बोलतानाही ‘जरा अजून मऊ हवं’ या वाक्यापेक्षा ठिपक्यांचं चित्र समोर ठेवलं की बोलणं लवकर मुद्द्यावर येतं.

ज्यांना हालचाल सोसत नाही

कानाच्या आतल्या भागातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचे विकार असलेल्या माणसांना स्क्रीनवरच्या मोठ्या हालचालींनी खरोखर चक्कर येते, मळमळतं. २०१३ मध्ये आयओएस ७ आलं तेव्हा त्यातल्या झूम होणाऱ्या हालचालींबद्दल अशाच तक्रारी झाल्या होत्या. आज आयओएसवर ‘रिड्यूस मोशन’ची सेटिंग आहे, अँड्रॉइडवर अ‍ॅनिमेशन काढून टाकण्याची, आणि वेबवर हीच पसंती सीएसएसमधून ओळखता येते. वळणदार हालचालीत वस्तू दोन्ही अक्षांवर सरकते आणि अनेकदा आकारही बदलते, म्हणून ही सेटिंग इथे सगळ्यात आधी पाळायला हवी.

पाळायची म्हणजे कमान काढून सरळ रेषा ठेवायची असं नाही. वस्तू जुन्या जागी विरून नव्या जागी उमटू द्यावी. त्या हालचालीतून मिळणारी माहिती, म्हणजे ‘वस्तू कार्टमध्ये गेली’ ही बातमी, दुसऱ्या मार्गाने पोचवावी: कार्टवरचा आकडा बदलावा, चिन्हाचा रंग क्षणभर उजळावा, स्क्रीन रीडरला तसं सांगावं.

या सेटिंगसह अ‍ॅप तपासताना एक चूक वारंवार सापडते. कार्टवरचा आकडा वाढवणारा कोड अ‍ॅनिमेशन संपल्यावर चालेल असा लिहिलेला असतो. अ‍ॅनिमेशन वगळलं की तो कोडही वगळला जातो, आणि वस्तू खरेदीच्या यादीत असूनही आकडा शून्यच दिसतो. म्हणून आकडा वाढवणं बटण दाबल्याच्या क्षणाशी बांधावं, आणि उडत जाणाऱ्या चित्राच्या हाती फक्त तो आकडा केव्हा दाखवायचा एवढंच ठेवावं.